फार जिंकल्याची तक्रार

कोर्पी लेक या तळ्याकाठच्या गावाच्या नगरभवनात एक चौकोनी खिडकी आहे. त्या खिडकीमागे अर्लिस मॅटिला हिने आपल्या उमेदीची सगळी वर्षे काढली. ती गावाची नगरचिटणीस होती. कुत्र्याचा परवाना, काटक्या जाळण्याचा परवाना, थडग्याची जागा, बारचा परवाना, धर्मादाय जुगाराची मंजुरी, गावाचे जे काही कागदावर यायचे ते त्या एका खिडकीतून आत येई आणि शिक्का बसून बाहेर जाई. गावात आजही सांगतात की, अर्लिसने ऐन लग्नाच्या वाढदिवशी स्वतःच्या नवऱ्याला विनापरवाना काटक्या जाळल्याबद्दल दंड केला. दंडाची पावती दप्तरात आहे, मी ती पाहिली आहे. ती वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची आहे. गोष्ट अधिक शोभावी म्हणून सांगणाऱ्यांनी ती एक दिवस पुढे ढकलली, आणि नेमक्या अशाच ढकलाढकलीचा अर्लिसला मनस्वी तिटकारा होता.

तो तिटकारा तिला वारशाने मिळालेला नव्हता. तिचा बाप लाकडाच्या गिरणीत काम करी आणि प्रत्येक मासा सांगताना वीतभर वाढवी. डुलुथ शहरात टंकलेखन शिकून ती परत आली, तेव्हा आधीच्या चिटणिसाने तिच्या हाती गावाचे दप्तर म्हणून बुटांची खोकी दिली. त्यांत ठराव होते, बियाण्यांच्या पुड्या होत्या आणि मासे धरायचे गळही होते. पहिला हिवाळा तिने ठरावांतून गळ सोडवण्यात घालवला. त्यातूनच तिचा नियम ठरला असावा: सभेच्या इतिवृत्तात जे बोलले गेले तेच लिहायचे, बोलणाऱ्याच्या मनात काय होते ते लिहायचे नाही.

नियम सरळ होता, पण गाव सरळ नव्हते. कोर्पी लेकमध्ये कॉफी घेणार का असे विचारले की माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा "टाक मग अर्धा कप" म्हणून दोन कप पितो. अशा माणसांच्या सभेत जे बोलले गेले तेवढेच लिहायचे, म्हणजे बहुतेक खोटेच लिहायचे. हे अर्लिसला कळत होते. तरी तिने नियम सोडला नाही. तिच्या मते खोटे बोलण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची होती, लिहिणाऱ्याची नव्हती.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात बाहेरगावचा एक इसम आला. घरोघरी अंगणात डांबर घालून देतो म्हणाला, पैसे घेतले, काळे काहीतरी ओतले आणि निघून गेला. पहिल्याच पावसात ते काळे तळ्याकडे वाहत गेले. नगरपरिषदेने संतापून ठराव केला: गावात कोणताही धंदा करणाऱ्याने नोंदणी करावी, नाव, काम, जागा आणि दर लिहून द्यावा. डांबरवाला अर्थातच पुन्हा आला नाही. नोंदणीला आले ते गावचेच लोक, आणि अर्लिसच्या नाकी नऊ आले. वेलची घातलेला पाव भाजून विकणाऱ्या बाईने जागेच्या रकान्यात "चुलीपाशी" लिहिले. एकाने कामाच्या रकान्यात "बघू" असे लिहिले. दराच्या रकान्यात तर निम्म्या गावाने "जे द्याल ते" एवढेच लिहिले होते.

"हा दर नाही," अर्लिस प्रत्येकाला सांगे. "हा शिष्टाचार आहे."

त्या हिवाळ्यात, तळे गोठून त्यावर माणसांची ये-जा सुरू झाल्यावर, वाल्फ्रिड निस्काला नावाचा म्हातारा खिडकीशी आला. तो एकटा राहत होता. बायको गेली होती, गिरणी बंद पडली होती आणि गिरणीबरोबर निवृत्तिवेतनाचा मोठा भागही बुडाला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी आपल्या छपरीत बसून तो गावाला धार लावून देई. स्केट, कुऱ्हाडी, बर्फाला भोक पाडायचे गिरमिट, जे येईल ते. धार तो बोटाने बघे, डोळ्यांनी नाही. त्याने टोपी काढली, नोंदणीचा कागद खिडकीतून सरकवला आणि खाकरला.

अर्लिसने कागद वाचला. नाव होते, काम होते, जागाही होती. दराचा रकाना कोरा होता.

"दर राहिला, वाल्फ्रिड."

"दर नाही."

"म्हणजे?"

"शेजाऱ्यांकडून पैसे घेत नसतात. तुझ्या बापाच्या करवतीचे घेतले होते का मी?"

"मग धंदा कुठला करताय? नोंदणीला कशाला आलात?"

"ठराव केलात ना तुम्ही. नोंदणी करा म्हणालात, आलो." तो पुन्हा खाकरला. "आणखी एक विचारायचं होतं. इथं खाली लिहिलंय, इतर उत्पन्न. तिथं मांस लिहायचं का?"

"कसलं मांस?"

"सोडतीतलं."

ही सोडत दर शुक्रवारी संध्याकाळी जूनीच्या बारमध्ये होई. अग्निशमन दलाचे स्वयंसेवक एकेका डॉलरला आकडे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या विकत, भिंतीवरचे चक्र फिरवत, आणि चक्र ज्या आकड्यावर थांबे त्या पट्टीवाल्याने टेबलावरून हवे ते उचलायचे: बेकन, चॉप, कधी अख्खा हॅम. उरलेला पैसा दलाला जाई. जुगारच तो, पण धर्मादाय. त्यामुळे दरवर्षी नगरपरिषदेची मंजुरी लागे आणि तिचे कागद अर्लिसच्या हातून जात. ज्याला आपण शिक्का मारतो त्यात आपण खेळू नये, म्हणून तिने जन्मात पट्टी विकत घेतली नव्हती. शुक्रवारी ती घरी मोजे विणत बसे.

"मांस उत्पन्न नाही," ती म्हणाली. "एखादा हॅम लागला तर खावा आणि गप्प बसावं."

"एखादा नाही, पोरी." वाल्फ्रिड खिडकीत वाकला. "हरणांच्या शिकारीचा हंगाम संपल्यापासून प्रत्येक शुक्रवारी लागतोय. फ्रीझरचं झाकण बसत नाही आता. एडना ऑस्टबी माझ्या शेजारी बसते, नवरा असल्यापासून खेळतेय, तिला आजवर सॉसेजचं टोकसुद्धा लागलेलं नाही. हे बरोबर नाही. कुणीतरी लबाडी करतंय."

"तुमच्या फायद्याची लबाडी?"

"लबाडी ती लबाडी. मला तक्रार द्यायची आहे."

अर्लिसने डोळे मिटले. तिच्या नोकरीत हरणारे पुष्कळ आले होते. त्यांतला प्रत्येक जण चक्राला, देवाला किंवा गावातल्या स्वीडिश लोकांना बोल लावी. फार जिंकतो म्हणून तक्रार घेऊन येणारा हा पहिलाच. "लेखी द्यावी लागते," ती म्हणाली, या आशेने की डोळे अधू असलेला माणूस लिहिण्याचा कंटाळा करील.

वाल्फ्रिडने लिहून आणली होती. खिशातून कागद काढून त्याने खिडकीच्या कट्ट्यावर हाताने सपाट केला.

लेखी तक्रार पुढच्या सभेत वाचावीच लागते. आणि पुढच्या सभेत सोडतीची वार्षिक मंजुरी होती.

अर्लिसचा नवरा डेल्मर हाच दलातर्फे सोडत चालवी. चक्र तोच फिरवी, आकडाही तोच पुकारी. संध्याकाळी जेवायला बसताना तिने त्याच्यासमोर बटाट्यांचे भांडे ठेवले, पण वाढायचा डाव हातातच ठेवला.

"तुझ्या चक्रात काय बिघाड आहे?"

"काही नाही. का?"

"वाल्फ्रिडने तक्रार दिलीय. दर शुक्रवारी तोच जिंकतो म्हणून."

डेल्मरने काटा खाली ठेवला. पाणी प्यायला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "यंदा थंडी जरा जास्तच आहे, नाही?"

"डेल्मर."

"तक्रार? वाल्फ्रिडने स्वतः?"

"स्वतः. सही करून. डाव माझ्या हातात आहे, बोल."

मग डेल्मर बोलला. बायको गेल्यावर वाल्फ्रिडच्या घरी काही शिजेनासे झाले होते, हे सगळ्यांना दिसत होते. शेजारणींनी भांडी भरून अन्न पाठवले. भांडी परत आली ती धुतलेली आणि ताज्या मासळीने भरलेली, म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःचे ताट रिकामे करून परतफेड केली. चर्चने त्याच्या पायरीवर धान्याचे खोके ठेवले. रविवारी तो ते खांद्यावर घेऊन चर्चमध्ये हजर झाला, कुणीतरी चुकून विसरून गेले म्हणून. मग एका शुक्रवारी बारवाली जूनी त्याच्या शेजारी उभी असताना त्याने तिला आपली पट्टी वाचायला सांगितली, आणि घाईत तिने चुकीचा आकडा वाचला. "तुमचाच की!" ती ओरडली. ज्याचा खरा आकडा होता त्याने वाल्फ्रिडचे तोंड पाहिले आणि आपली पट्टी मांडीखाली सरकवली. वाल्फ्रिडने हॅम उचलला, आणि बायको गेल्यावर पहिल्यांदाच तो लोकांसमोर हसला.

"पुढच्या शुक्रवारी जूनीने मुद्दाम वाचला," डेल्मर म्हणाला. "कुणी काही ठरवलं नाही. ज्याचा आकडा लागतो तो पट्टी लपवतो, बस्स."

"सगळे?"

"सगळे."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू लिहून ठेवलं असतंस, अर्लिस."

यावर तिने काय केले, ते डेल्मरनेच पुढे अनेकांना सांगितले. ती उठून सिंकपाशी गेली आणि स्वच्छ पातेले पुन्हा घासू लागली. गावाने लबाडी केली याचा तिला राग होताच. पण कुत्र्याच्या परवान्यापासून थडग्यापर्यंत सगळे जिला सांगतात, तिच्यापासून गावाने हीच एक गोष्ट लपवावी, हे तिला जास्त लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बार रिकामा असताना, ती जूनीकडे गेली. जूनी पेले पुसत होती.

"आलीस? कोट काढ. कॉफी?"

"नको."

"खरंच नको की आपलं नको?"

"खरंच नको. जूनी, म्हाताऱ्याचे डोळे अधू आहेत म्हणून तू त्याला भर बाजारात फसवतेस."

"मी त्याला जेवायला घालते."

"सोडतीच्या नियमात ते बसत नाही."

"मग नियमात बस तू आणि नियमच खा!" जूनीने फडके आपटले. "तो माणूस पाव आणि लोण्यावर जगत होता. तेव्हा कुठे होती तुझी नियमावली? सांग की सभेत. उभी राहा आणि सांग, वाल्फ्रिड, तू जिंकला नाहीस, गावानं तुला भीक घातली. आणि मग बघ तो मार्चपर्यंत टिकतो का."

"मी तसं सांगणार नाही."

"मग खोटं लिहिशील?"

"तेही नाही."

"मग काय करशील, बाई?"

"ते कळलं असतं तर तुझ्या या उष्ट्या पेल्यांच्या वासात उभी राहिले असते का मी?" अर्लिस म्हणाली. मग स्टुलावर बसली. "दे अर्धा कप."

पेच असा होता. तक्रारीची चौकशी केली नाही, तर मंजुरी देता येत नव्हती. चौकशी करून खरे लिहिले, तर वाल्फ्रिडला कळणार की तो चारचौघांत दानावर जगत होता. आणि ज्या माणसाने धान्याचे खोके खांद्यावरून परत नेले, तो त्यानंतर कुणाच्या दारात उभा राहिला नसता, बारमध्येही आला नसता. आणि खोटे लिहायचे, तर इतक्या वर्षांचे एकही खोटी ओळ नसलेले इतिवृत्त नासणार. ते नासले तरी जगात कुणाचे काही बिघडणार नव्हते, हे अर्लिसला ठाऊक होते. तिला त्याचाच विशेष राग येत होता.

सभेच्या संध्याकाळी सभागृह भरले. एरवी सांडपाण्याच्या नळावर चर्चा असली की खुर्च्या रिकाम्या असत. त्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे होते. डेल्मरने बारमधले चक्र उचलून आणले होते. नगराध्यक्ष हार्लन स्टेनबर्ग, पेशाने शीतपेट्या दुरुस्त करणारा आणि स्वभावाने वाद टाळणारा, टेबलाच्या टोकाला बसून घाम पुसत होता. पहिल्या रांगेत वाल्फ्रिड, इस्त्रीचा सदरा घालून.

अर्लिसने तक्रार वाचली. हार्लनने स्वतःच्या हाताने चक्र फिरवले, पुन्हा फिरवले, परिषदेच्या प्रत्येक सभासदाकडून फिरवून घेतले. चक्र कुठेही थांबत होते. कुठल्याच आकड्याकडे त्याचा ओढा नव्हता.

"चक्र प्रामाणिक आहे," हार्लन हायसे वाटून म्हणाला. "झालं तर मग. मंजुरी..."

"आणखी एक आहे," अर्लिस म्हणाली.

डेल्मरने जमिनीकडे पाहिले.

"सोडतीच्या नियमांप्रमाणे जिंकणाऱ्याने आपली पट्टी पुकारणाऱ्याला दाखवायची असते. मी डेल्मर मॅटिलाला विचारलं. पट्टी दाखवली जात नव्हती. आकडा तोंडी सांगितला की मांस दिलं जात होतं. चौकशीत आढळलेली चूक ही. यापुढे प्रत्येक पट्टी दाखवली जावी."

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यात जे नव्हते, ते तिला सभेत कुणी विचारले नव्हते. पण वाल्फ्रिड उभा राहिला.

"माझी पट्टी जूनी वाचायची." तो आवाजाच्या दिशेने वळला. "जूनी, तू बरोबर वाचायचीस ना गं?"

सभागृहात कुणीतरी खोकले. जूनी लाल झाली. मग हनुवटी वर करून म्हणाली, "मला चष्मा लागलाय, वाल्फ्रिड. मी मानत नाही, एवढंच."

हशा पिकला. आवश्यकतेपेक्षा मोठाच. अर्लिसने लिहिले: जूनी हेइक्किनेन यांनी सांगितले की त्यांना चष्मा लागला आहे. हे वाक्य आजही इतिवृत्तात आहे, आणि जूनीने ते म्हटले होते यात शंका नाही.

तेवढ्यावर मिटले असते. हार्लनने लाकडी हातोडीसुद्धा उचलली होती. पण वाल्फ्रिड बसेना.

"म्हणजे ते मांस माझं नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "दुसऱ्या कुणाचे आकडे होते. मी दुसऱ्यांचं खाल्लं."

"अहो, जाऊ द्या की," हार्लन म्हणाला.

"जाऊ कसं द्या? खाल्लंय ते. फेडायला हवं. फ्रीझरमध्ये उरलंय ते उद्याच आणून टाकतो. बाकीचं..." तो थांबला. बाकीचे कशाने फेडायचे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. इस्त्रीच्या सदऱ्यात तो अचानक फार बारीक दिसू लागला.

भिंतीपासून मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी अर्लिसकडे पाहिले. त्या नजरेत जूनीचा सूर होता: बघ, काय केलंस. अर्लिसला संताप आला. म्हाताऱ्याचा, कारण तो साधे जेवूही शकत नव्हता. गावाचा, कारण भर उजेडात एकही सरळ गोष्ट करणे त्याला जमत नव्हते. तिने समोरची कागदांची चळत चिडून उलटी केली, आणि सगळ्यात वर आला तो वाल्फ्रिडचा अपुरा नोंदणी-कागद, कोऱ्या रकान्यासह.

"वाल्फ्रिड," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढलाच, "दलाच्या कुऱ्हाडींना धार कोण लावतं?"

"मीच की."

"कधीपासून?"

"तुझा बाप दलात होता तेव्हापासून."

"दर?"

"दर कसला? दलाकडून पैसे घेतात होय?"

"नोंदणीला दर लागतो. मी तुम्हाला खिडकीत सांगितलं, आता सभेत सांगते. दर न लावता धार लावणं यापुढे गावात चालणार नाही. एक तर रकाना भरा, नाही तर छपरीला कुलूप लावा. आणि मागच्या कामाचं दलानं काय दिलं? डेल्मर, काही दिलं?"

"नाही," डेल्मर म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो घाईने म्हणाला, "म्हणजे, मांस दिलं."

"मग फिटलं," अर्लिस म्हणाली. "दलानं धारेच्या मोबदल्यात मांस दिलं. आकडा लागूनही ज्यांचं मांस गेलं असेल, त्यांनी आपला दावा आत्ता सांगावा."

कुणीही हात वर केला नाही. एडना ऑस्टबीने तर दोन्ही हात पर्सखाली दाबून धरले.

वाल्फ्रिड विचार करत उभा राहिला. त्याला त्यात खोट शोधायची होती हे स्पष्ट दिसत होते. "कुऱ्हाडी पुष्कळ होत्या," तो अखेर म्हणाला.

"पुष्कळ होत्या," डेल्मर म्हणाला. "आणि ती मोठी करवत."

"ती करवत म्हणजे कहर होता."

"मग बसा," अर्लिस म्हणाली.

तो बसला. मंजुरी मिळाली, पट्टी दाखवण्याच्या अटीवर. दुसऱ्या दिवशी वाल्फ्रिड खिडकीशी आला आणि दराच्या रकान्यापाशी बराच वेळ अडून बसला. त्याने लिहिलेला पहिला आकडा इतका लहान होता की अर्लिसने तो नाकारला. नोंदणीच्या ठरावात किमान दराची तरतूद होती का? नव्हती. ठराव मी पूर्ण वाचला आहे. "किमान दर असतो" असे ती त्याला म्हणाल्याचे तिने स्वतःच पुढे कबूल केले, तेही कपाळाला आठ्या घालून. ते बोलणे सभेत झाले नव्हते, त्यामुळे इतिवृत्तात जाण्याचा प्रश्न नव्हता.

गावाने कुरकूर केली. आपल्या गिरमिटाला धार लावून घ्यायला पैसे मोजावे लागतात, याचे लोकांना नवल वाटले आणि थोडा रागही आला. डेल्मरने घरी येऊन तक्रार केली, तेव्हा त्याला कुणी सहानुभूती दाखवली नाही. पण नोंदणी झालेला दुसरा धारवाला जवळपास नव्हता. स्केट आले, कुऱ्हाडी आल्या, खाटकाच्या दुकानातले सुरे आले. वाल्फ्रिडच्या छपरीतून धुराबरोबर कांदा परतल्याचा वासही येऊ लागला.

आणि शुक्रवारची सोडत असह्य झाली. वाल्फ्रिडने औषधांच्या दुकानातून एक जाड भिंग आणले. चक्र थांबले, डेल्मरने आकडा पुकारला, की सगळ्या बारला वाट पाहावी लागे, कारण वाल्फ्रिड आपली पट्टी दिव्याखाली धरून एकेक आकडा वाचत असे. मधेच कुणी मदत करू पाहिले, तर तो पट्टी छातीशी धरी. "दाखवायची पुकारणाऱ्याला," तो म्हणे. "नियम आहे." त्याला काही लागत नसे. एडना ऑस्टबीला मात्र सॉसेज लागले, आणि ती रडली.

बर्फ वितळत काळे पडू लागले, तळ्यावर चालायला कुणी धजेना, अशा दिवसांत वाल्फ्रिड पुन्हा खिडकीशी आला. त्याने नगरभवनातली कागद कापायची कात्री धार लावून आणली होती आणि सोबत बिल आणले होते. बिलात सवलत नव्हती. अर्लिसने ते गावाच्या खात्यातून चुकते केले. तो गेला नाही.

"आणखी काय?"

"तक्रार आहे."

"कशाची?"

"सोडतीची. त्या सभेपासून मला एकदाही लागलं नाही. एकदाही. साधं बेकनसुद्धा नाही. यात काहीतरी गडबड आहे."

अर्लिसने दोन्ही हात कट्ट्यावर टेकले. "वाल्फ्रिड, आता सगळं नियमाप्रमाणे चाललंय."

"तेच म्हणतोय मी." त्याने टोपी हातात फिरवली. डोळ्यांवरच्या दुधाळ पडद्यामागून तो नेमका तिच्याकडेच बघत होता की तिच्या मागच्या भिंतीकडे, हे सांगणे कठीण. "जूनी वाचायची तेव्हा बरं वाचायची."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. कोर्पी लेकमध्ये चेहऱ्यावर काही नसणे हेही एक प्रकारचे बोलणेच असते. पण ते इतिवृत्तात लिहिता येत नाही. त्याला सगळे कधीपासून ठाऊक होते, याबद्दल पुढे तो दोन वेगवेगळी उत्तरे देत असे. कोणते खरे ते ठरवण्याइतका पुरावा नाही.

"लेखी द्यावी लागते," अर्लिस म्हणाली.

"आणलीय." त्याने कागद कट्ट्यावर सपाट केला. "वाच बघू. बरोबर लिहिलंय का सांग. मला नीट दिसत नाही."

अर्लिसने चष्मा पुसला, आणि जसे लिहिले होते तसेच, अक्षर न बदलता, मोठ्याने वाचले: "मला मांस लागत नाही. चौकशी व्हावी. घाई नाही."